गोबरगॅस बसवताय? शेण मोजण्यापासून स्लरी रानात जाईपर्यंत सगळं, पायरी पायरीनं

आमच्या गावात गोबरगॅसचे घुमट मोजले तर सतरा-अठरा निघतील, आणि त्यातले चालू आहेत सहा. बाकीच्यांवर कुणी जळण रचलंय, कुणी वाळवण घालतं. मी स्वतःचा बसवायच्या आधी त्या बंद पडलेल्यांच्या मालकांकडं एक-एक करून गेलो आणि विचारलं की का बंद पडला, तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर फिरून फिरून एकाच जागी येत होतं, जनावरं कमी आणि प्लँट मोठा. गॅसच्या तंत्रात काही खोट नव्हती, माप चुकलेलं होतं. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण नवीन माणूस थेट अनुदानापासून सुरुवात करतो आणि खरी सुरुवात गोठ्यात आहे.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला, पाऊस भरपूर, ऊस आणि थोडा भाजीपाला. गोठ्यात तीन म्हशी, एक गाय, दोन रेडकं. २०२३ च्या उन्हाळ्यात २ घनमीटरचा (म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा) दीनबंधू प्लँट, जमिनीतल्या विटांच्या घुमटाचा, बांधला, तो आजपर्यंत एक दिवस बंद नाही. पहिल्या वर्षी जे जे अडलं ते खाली सांगतोच.

१. आधी सात दिवस शेण मोजा

वजनकाटा घ्या, घमेलं घ्या आणि सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ जेवढं शेण हातात येतं तेवढंच मोजून वहीत लिहा. अंदाज धरू नका. मी सुरुवातीला धरला होता, सहा जनावरं म्हणजे ८० किलो तरी असेल असं वाटून ४ घनमीटरचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता. आई म्हणाली एकदा मोज तरी, आणि आठवडाभर मोजलं तर रोजचं ५२-५४ किलोच भरलं! एका म्हशीचं १३-१४, गाईचं ९-१०, दोन्ही रेडकांचं मिळून तीनेक किलो. जनावरं दिवसा चरायला जात असतील तर दिवसाचं शेण माळावरच पडतं, तुमच्या हातात फक्त रात्रीचं येतं, हे लोक विसरतात.

हिशोब सोपा आहे. १ किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस. म्हणजे ५० किलोपासून २,००० लिटर, तोच २ घनमीटर. १ घनमीटरला २५ किलो, ३ ला ७५, ४ ला १०० किलो, रोज. एका माणसाच्या स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटरच्या आसपास गॅस जातो, तेव्हा २ घनमीटरवर सात-आठ माणसांचं घर निघतं. पूर्ण खाद्य मिळालं तर या मापाचा प्लँट महिन्याला पावणेदोन सिलिंडरच्या आसपास गॅस देतो.

दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. मोठा प्लँट उपाशी राहिला की दाब धरत नाही, चूल मंद जळते, मग घरातली बाई वैतागून सिलिंडरकडं वळते आणि एकदा का शेण टाकायचं थांबलं की संपलं. येत्या वर्षात एखादं जनावर विकायचा विचार असेल तर तेही आत्ताच धरा.

२. आत नेमकं काय चालतं ते समजून घ्या

हे वाचायला कंटाळा करू नका, पुढं काहीही बिघडलं तरी उत्तर इथंच सापडतं.

प्लँट म्हणजे म्हशीच्या पोटाचाच पुढचा भाग समजा. आत हवा नसते. एका गटाचे जिवाणू शेणातला चोथा मोडतात, दुसरे त्याचं आम्ल करतात, आणि तिसरे त्या आम्लापासून मिथेन करतात. हे तिसरे फार नाजूक, वाढतात हळू, त्यांना हवा चालत नाही, थंडी चालत नाही, आणि खाण्यात अचानक बदल तर अजिबात सोसत नाही. म्हणून एक दिवस काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट असं केलं की आम्ल वाढतं, ते आम्ल हे तिसरे जिवाणू पचवू शकत नाहीत आणि गॅस जळायचा बंद होतो. तयार गॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि कुजक्या अंड्याचा वास येतो तो थोडासा हायड्रोजन सल्फाइड.

आपल्या हवामानात शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, आत सुमारे ४० दिवस राहील असं टाकीचं माप धरतात. आज टाकलेलं शेण सव्वा महिन्यानं स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला पातळ काला, होऊन बाहेर पडतं.

३. मॉडेल कुठलं?

जुना, लोखंडी ड्रम वर-खाली होणारा खादी ग्रामोद्योगचा प्लँट बऱ्याच जणांनी बघितला असेल. दाब एकसारखा मिळतो पण ड्रम गंजतो, दरवर्षी रंगवायला लागतो. दीनबंधू मॉडेल अफ्प्रो संस्थेनं १९८४ साली आणलं, विटांचा घुमट, सगळा जमिनीत, हलणारा भाग एकही नाही. स्वस्त पडतो आणि नीट बांधला तर वीस वर्षांच्या वर जातो. फायबरचे आणि रबरी पिशवीचे तयार प्लँटही मिळतात, जिथं खाली कातळ लागतो किंवा पाणी फार वर असतं तिथं ते बरे, पण पिशवीला उंदीर, कोंबड्या आणि जनावराच्या शिंगापासून जपायला लागतं.

मी दीनबंधूबद्दलच लिहितो कारण तोच मी वापरलाय.

४. कागदपत्रं आणि अर्ज

पंचायत समितीत कृषी विभागात जा, विस्तार अधिकारी किंवा कृषी अधिकाऱ्यांना भेटा. आपल्याकडं गोबरगॅसच्या अनुदानाची योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून चालते. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात सर्वसाधारण गटाला १ घनमीटरला ९,८०० आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये असा दर होता, अनुसूचित जाती-जमातीला जास्त, आणि संडास जोडला तर वर १,६०० रुपये. काही जिल्हा परिषदा स्वतःच्या निधीतून भर घालतात. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षी काय चालू आहे ते तिथंच विचारून घ्या.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड, आणि आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- सातबारा आणि ८अ
- घराचा ग्रामपंचायतीचा उतारा (नमुना ८), जागा तुमच्या नावावर नसेल तर संमतीपत्र
- जनावरं असल्याचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- पासपोर्ट फोटो

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मंजुरीच्या आधी खड्डा काढणं. आधी पूर्वसंमती हातात घ्या मगच कुदळ मारा, आणि कामाचे फोटो काढत चला, खड्डा, पाया, घुमट, आणि शेवटी शेगडी पेटलेली. दुसरं म्हणजे अनुदान नंतर खात्यात येतं, आधी सगळा पैसा स्वतःचाच घालायला लागतो. आमचा एकूण खर्च ४८ हजारांच्या आसपास गेला, त्यात माती काढायचं काम आम्हीच केलं. नियोजन करताना अनुदान नाहीच असं धरून पैशाची सोय करा. अर्ज एप्रिल-मे मध्येच टाका, उद्दिष्ट संपलं की पुढच्या वर्षावर जातं.

५. जागा

गोठ्याच्या जवळ, स्वयंपाकघरापासून २० मीटरच्या आत, विहीर किंवा बोअरपासून निदान १५ मीटर लांब. दिवसभर ऊन पडलं पाहिजे. मोठ्या झाडाजवळ नको, मुळ्या विटांच्या सांध्यात शिरतात. आणि स्लरी उताराने रानाकडं किंवा खताच्या खड्ड्याकडं जाईल अशी बाजू निवडा, नाहीतर रोज शंभर लिटर बादलीनं उपसत बसाल.

आमच्यासारख्या पावसाच्या भागात आणखी एक बघा, पावसाळ्यात त्या जागी पाणी किती वर येतं. काम फेब्रुवारी-मार्चला काढा, तेव्हा खड्डा कोरडा असतो आणि भरताना उन्हाळ्याची ऊब मिळते.

६. बांधकाम, म्हणजे गवंडी

नेहमीचा घर बांधणारा गवंडी कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात हे काम देऊ नका. दीनबंधूचं ट्रेनिंग घेतलेला गवंडी पाहिजे, कृषी विभागाकडं त्यांची नावं असतात. त्यानं आधी बांधलेले दोन प्लँट जाऊन बघा, आणि तिथल्या बाईला विचारा गॅस पुरतो का.

आमच्याकडं आलेल्या मामांचं काम मी तीन दिवस शेजारी बसून बघितलं. खड्ड्याच्या मधोमध एक गज रोवला, त्याला दोरी बांधली, आणि प्रत्येक वीट त्या दोरीच्या टोकाला टेकवून बसवली. खाली कसलाही साचा नाही. वीट लावली की करणीच्या दांड्यानं दोनदा ठोकायची, आणि माल ओला आहे तोवर घसरू नये म्हणून आकड्याला लटकवलेल्या विटेचं वजन मागं सोडायचं. एक फेरी पूर्ण झाली की ती फेरीच एकमेकांना धरून राहते. मी मधे विचारलं, "मामा, दोरी नसली तर चालेल का हो?" तर म्हणाले, "बाळा, एक वीट बाहेर गेली की तिथंच चीर पडतीया."

ते का ते सांगतो. गोल घुमटात प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर दाबली जाते, आणि वीटकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. आत गॅस भरला की तो घुमटाला बाहेर ढकलतो म्हणजे ताण देतो, त्याला उत्तर म्हणून वरून मातीचं वजन पाहिजे. म्हणून घुमटावर निदान फूटभर माती हवीच, ती गॅस धरायच्या आधी, आणि भोवतीची माती भरताना सगळीकडून सारखी, थराथरानं चोपून. एकाच बाजूनं भरली तर घुमट ढकलला जातो. आमच्या भावकीतल्या एका प्लँटला माती पुढच्या महिन्यात टाकू म्हणून राहिली आणि दुसऱ्या आठवड्यात वरच्या बाजूला केसासारखी चीर गेली, तो गॅस आजपर्यंत धरत नाही.

आम्हाला हजाराच्या थोड्या वर विटा आणि १६ पोती सिमेंट लागलं. विटा पक्क्या भाजलेल्या, आपटल्यावर खणखणीत वाजल्या पाहिजेत. वाळू धुवून घ्या. आतून गिलावा, त्यावर सिमेंटचा घोटा, आणि वाळल्यावर गॅस साठतो त्या भागाला रंगाचे दोन हात, यात काटकसर नको. पाणी मारायला दहा-पंधरा दिवस, उन्हाळ्यात ओली पोती टाकून.

स्लरी बाहेर येते त्या टाकीवर फरशीची झाकणं पहिल्या दिवसापासून टाका. लहान पोरं असतात घरात.

७. गळती तपासणी, हिच्याशिवाय शेण टाकू नका

टाकी पाण्यानं भरा, म्हणजे आतली हवा घुमटात कोंडते. वरच्या पाईपला पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून लावा, त्यात रंगीत पाणी, आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पट्टीनं मोजून लिहा. २४ तासांनी परत बघा. थोडाफार फरक दिवस-रात्रीच्या तापमानानं पडतो म्हणून त्याच वेळेला मोजायचं. वीतभर उतरलं असेल तर कुठंतरी गळतंय. आधी व्हॉल्व्ह आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा, बहुतेक वेळा तिथंच सापडतं. गवंड्याचे शेवटचे पैसे या तपासणीनंतर द्या, हे आधीच बोलून ठेवा म्हणजे कुणालाच वाईट वाटत नाही.

८. पहिली भरणी

२ घनमीटरला साधारण २ टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. घरचं पंधरा-वीस दिवस साठवून, ओलं ठेवून, उरलेलं शेजाऱ्यांकडून. शेणात माती-खडे येऊ देऊ नका.

आणि विरजण लावा. चालू असलेल्या प्लँटमधली आठ-दहा बादल्या स्लरी आणून आत टाका, त्यात तयार जिवाणू असतात. दुधाला विरजण लावलं की दही लवकर लागतं तसंच. आमचा गॅस सतराव्या दिवशी धरला, विरजण न लावता उन्हाळ्यातही महिना जाऊ शकतो.

सुरुवातीचा गॅस जळत नाही कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो आणि घुमटातली हवा मिसळलेली असते. तो दोन-तीनदा सोडून द्यायचा. घुमटाच्या पाईपच्या तोंडाशी काडी लावून कधीही बघू नका. हवा मिसळलेला मिथेन आत भडकतो. पेटवून बघायचं ते शेगडीवरच, खिडक्या उघड्या ठेवून.

९. पाईप आणि शेगडी

पाऊण इंची पाईप, घराकडून प्लँटकडं उतार, किंवा मधे सखल भाग येत असेल तर तिथं पाणी काढायचा कॉक. गॅस ओला असतो, पाईपात गार होतो आणि पाणी सुटतं. आम्ही हा कॉक बसवला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात शेगडी भक-भक करायला लागली, ज्योत मोठी-छोटी मोठी-छोटी, आईला वाटलं प्लँट गेला, मी दोन दिवस घुमटावरची माती उकरत बसलो. शेवटी पाईप एका ठिकाणी सोडवला तर त्यातून तांब्याभर पाणी निघालं, बस्स एवढंच होतं. आता दर पंधरा दिवसांनी कॉक उघडतो.

शेगडी बायोगॅसचीच घ्या, आयएसआय मार्क बघून. सिलिंडरच्या शेगडीचं जेटचं भोक बारीक असतं, त्यावर हा गॅस नीट जळत नाही. ज्योत निळी पाहिजे, पिवळी असेल तर शेगडीच्या नळीवरची हवेची खिडकी फिरवून बघा. एक बर्नर तासाला ४५० लिटरच्या आसपास गॅस खातो, म्हणजे २ घनमीटरवर चार-साडेचार तास चूल चालते.

१०. रोजचं काम

रोज पंधरा मिनिटं. ५० किलो शेण, ५० लिटर पाणी, कालवायच्या टाकीत हातानं नाहीतर फावड्यानं गुठळ्या मोडायच्या, वर तरंगणारी काडी-गवत काढून टाकायची, मग भोकाचा बोळा काढून काला आत सोडायचा. काडी आत गेली की वर तरंगून साय धरते आणि ती वाळली की गॅस वर येत नाही. माती गेली की तळाला बसते आणि टाकीची जागाच कमी होते, म्हणून गोठ्यात कोबा असलेला बरा.

आत जाऊ द्यायचं नाही: फिनेल, साबणाचं पाणी, गोचिडाच्या औषधाचं पाणी, आणि अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं शेण. उरलेलं अन्न थोडं चालतं, पण लग्नकार्यातलं शिल्लक भात-वरण एकदम ओतलं की आंबतं. तसं झालं तर चार-पाच दिवस खाद्य बंद ठेवा, मग चालू प्लँटची स्लरी घालून थोड्या थोड्या शेणानं परत सुरू करा.

थंडीत गॅस कमी होणारच, आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ तिसरा हिस्सा उतरतो. तेव्हा दुपारी उन्हात तापलेलं पाणी वापरा आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाका.

गॅस जास्त झाला तर हवेत सोडू नका, जाळून टाका, जनावरांचं आंबोण शिजवा, पाणी तापवा. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरून ठेवतो. गळका प्लँट म्हणजे पर्यावरणाचं नुकसानच, नसलेला परवडला.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकीत उतरायचं नाही. साफ करायला नाही, पडलेलं काही काढायला नाही, आत कुणी पडला तरी त्याच्या मागं नाही. आत ऑक्सिजन नसतो, माणूस दोन श्वासात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही तिथंच राहतो. गाळ काढायची वेळ आली तर माहीतगार माणसं पंपासह बोलवा.

११. संडास जोडायचा का?

जोडता येतो, आणि गॅस तोच असतो, वेगळा वास येत नाही. आपल्याकडं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करायचं काम फार पूर्वी करून दाखवलं होतं, त्यामुळं हा विचार नवीन नाही. मात्र घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांना विचारूनच ठरवा. संडासात ॲसिड-फिनेल बंद करायला लागतं, आणि ती स्लरी पालेभाजीला थेट द्यायची नाही, खड्ड्यात कुजवूनच वापरायची.

१२. स्लरी

रोज ९०-९५ लिटर स्लरी बाहेर येते. गॅससाठी म्हणून प्लँट बसवला तरी दोन वर्षांत तुम्ही स्लरीसाठी तो चालवायला लागाल, माझं तसंच झालं. शेणातला कार्बन गॅस होऊन जातो पण नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ तेवढंच राहतं, आणि नत्राचा बराच भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात येतो. तणाचं बी बरंचसं मरतं, उकिरड्याचं खत टाकल्यावर जे तण माजतं तेवढं माजत नाही.

चूक एकच होते, लोक ती उन्हात पसरून वाळवतात. उन्हात अमोनिया उडून जातो आणि नत्राचा मोठा वाटा हवेत जातो. दोन पद्धती चालतात. एक, ताजी स्लरी तेवढंच पाणी मिसळून पाटाच्या पाण्याबरोबर सोडायची. ठिबकमध्ये गाळल्याशिवाय अजिबात नको, ड्रिपर चोंदतात. दोन, सावलीत दोन खड्डे घ्यायचे, तळाला पाचट किंवा सोयाबीनचा भुसा एक वीत, त्यावर स्लरी, परत पाचट, असे थर. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. पाचट स्लरी पिऊन घेतं, नत्र धरून ठेवतं आणि अडीच-तीन महिन्यांत काळंभोर भुसभुशीत खत होतं, हातात घेतलं तर पावसाच्या पहिल्या मातीसारखा वास येतो.

आम्ही पाचट जाळणं त्यामुळंच बंद केलं, आता ते कमीच पडतं. भाजीच्या वीस गुंठ्यांत युरियाची पोती दोनावरून एकावर आणली, तेही एकदम नाही, तीन हंगामात थोडं थोडं, शेजारी एक सरी जुन्या पद्धतीची ठेवून आणि माती परीक्षण करून. तुम्हीही तसंच करा, पहिल्याच वर्षी खत तोडू नका. खड्ड्यावर पावसाळ्यात पत्रा किंवा ताडपत्री टाका, आमच्या पहिल्या खड्ड्यातलं सगळं पाणी जुलैत ओघळीनं ओढ्याला गेलं होतं.